ठणकणाऱ्या पायांसाठी घरच्या घरी रिफ्लेक्सॉलॉजी

उद्यमनगरात लेथवर आठ-आठ तास उभा राहणारा कामगार, गांधीनगरच्या कापड दुकानात गिऱ्हाइकापुढं साड्या उलगडत राहणारा मुलगा, इचलकरंजीत यंत्रमागांच्या रांगांमधून रात्रपाळीभर फेऱ्या मारणारा विणकर आणि पहाटे नळाला पाणी आल्यापासून ओट्याशी उभी असलेली घरची बाई. या सगळ्यांचं रात्रीचं गाऱ्हाणं एकच असतं: पाय ठणकताहेत, तळव्यांची आग होतेय, पोटऱ्या भरून आल्यात. अशा वेळी दुखण्याची गोळी घेण्याआधी घरात करण्यासारखं बरंच काही असतं, आणि ते नीट शिकून घेतलं तर घरातल्या कुणालाही जमतं.

पाय रगडणं कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. लाल मातीत मेहनत झाली की तालमीतले पठ्ठे एकमेकांचं अंग रगडतात. पोटऱ्या-मांड्या कशा मोकळ्या करायच्या हे वस्तादांच्या हातातच असतं. काशाच्या वाटीनं तळपाय घासायची पद्धतही आपल्याकडं जुनीच. रिफ्लेक्सॉलॉजी यापेक्षा जरा वेगळी आहे. तिच्यात चोळणं कमी, आणि तळव्याच्या छोट्या छोट्या जागांवर अंगठ्यानं सावकाश, मोजका दाब देणं जास्त. अमेरिकेतले कान-नाक-घसातज्ज्ञ विल्यम फिट्झगेराल्ड यांनी १९१७ च्या सुमारास शरीराचे डोक्यापासून पावलापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले. एका पट्ट्यात कुठंही दाब दिला की त्याचा परिणाम त्याच पट्ट्यात दुसरीकडं होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढं १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या अमेरिकन फिजिओथेरपिस्ट बाईंनी तळव्यावर सबंध शरीराचा नकाशा बसवला. अंगठ्यात डोकं, चवड्यात छाती, कमानीत पोट, टाचेत कंबरेखालचा भाग. भिंतीवर टांगलेले तळव्यांचे रंगीत तक्ते दिसतात ना, ते या नकाशावरूनच आलेले.

अपेक्षा काय ठेवावी

तळव्याच्या एखाद्या बिंदूपासून थेट यकृताकडं किंवा मूत्रपिंडाकडं जाणारी खास नस शरीरशास्त्रात सापडत नाही. ब्रिटनमधल्या एक्झिटर विद्यापीठातले एड्झार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये आणि पुन्हा सहकाऱ्यांबरोबर २०११ मध्ये रिफ्लेक्सॉलॉजीच्या तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. तिनं एखादा आजार बरा होतो, असं म्हणण्याजोगा पटणारा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून मधुमेह, थायरॉईड, रक्तदाब, मूतखडा यांवरचा उपाय म्हणून कुणी तळव्याचा बिंदू सांगत असेल तर तो ऐकू नका, आणि चालू असलेलं औषध तर मुळीच सोडू नका.

मग ती करायची कशासाठी? मन सैलावायला आणि दुखणं हलकं व्हायला. सावकाश, एकसारख्या दाबानं श्वास संथ होतो, खांदे उतरतात, झोप लवकर लागते. दुखऱ्या जागी हात ठेवला की बरं का वाटतं, याचं एक स्पष्टीकरण रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये दिलं. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूपाशी वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, असं ते म्हणाले. ठेच लागली की आपण नकळत बोट चोळतो, त्यामागं हेच असावं. शिवाय प्रत्येक पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत, आणि त्यांना बांधून ठेवणारे स्नायू दिवसभर भार उचलून आखडलेले असतात. ते सैल करण्याचा फायदा तर सरळच आहे.

नकाशाचा माझ्या मते खरा उपयोग एवढाच: त्याच्या क्रमानं गेलं की पावलाचा कुठलाही कोपरा सुटत नाही. त्यावरून रोग ओळखायचा नाही. ‘इथं दुखलं म्हणजे किडनी खराब’ असं कुणाला सांगून त्याची झोप उडवणं हा त्या माणसावर अन्याय आहे. तिथं दुखण्याचं कारण बहुतेक वेळा चप्पल, वजन किंवा दिवसभराचं उभं राहणं असतं.

कुणाचे पाय दाबू नयेत

हा भाग घाईनं वाचू नका.

एकाच पायाची पोटरी अचानक सुजली असेल, गरम आणि लालसर झाली असेल, दाबल्यावर कळ येत असेल तर तिला हात लावू नका. खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. नुकतंच ऑपरेशन झालेलं, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेलं, बाळंत झालेलं किंवा लांबचा प्रवास करून आलेलं माणूस असेल तर जास्तच जपा. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा.

पाय मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस, हाड मोडल्याची शंका असताना, जखमेवर, फोडावर, पू झालेल्या जागी दाब देऊ नका. अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठसठसत असेल तर तो गाउट असू शकतो, तिथंही नाही. शिरा फुगून वेड्यावाकड्या झाल्या असतील तर त्यांच्यावर अंगठा रुतवायचा नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर थोड्या जोरानंही काळंनिळं पडतं, कॅन्सरचे उपचार चालू असतील तर आणखी वेगळ्या काळज्या असतात. या दोन्ही वेळी आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईचे पाय दाबायचे तर डॉक्टरांना विचारूनच, आणि घोट्याभोवती जोर न लावता हलक्या हातानं.

मधुमेह असणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांचे पाय आपण दाबायला जातो, त्यांच्यातल्या अनेकांना मधुमेह असतो. त्यांच्या तळव्याची संवेदना हळूहळू कमी होत जाते. जोर जास्त झाला, पाणी कढत असलं तरी त्यांना कळतच नाही. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी रूढ केलेली एक साधी तपासणी घरी करता येते. त्यांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना आपल्या बोटानं एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. स्पर्श जाणवला की त्यांनी ‘हो’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी जाणवलं नाही तर संवेदना कमी झालीय असं समजा आणि डॉक्टरांना पाय दाखवून घ्या. तोवर नुसता हलका हात फिरवा. गरम पाणी, बर्फ, बोटात रुतणारा दाब, काही नको.

आधी पाय बघा

दाबायला सुरुवात करण्याआधी उजेडात पाय पाहून घ्या. बोटांच्या बेचक्या उघडा. आपल्याकडच्या पावसाळ्यात चिखल्या फार होतात. बेचकीतली कातडी पांढरी पडून सोलली असेल तर तिथं तेल लावलं की त्रास वाढतो. ती जागा कोरडी ठेवायची आणि बुरशीवरचं मलम घ्यायचं. टाचेच्या भेगांतून रक्त येत असेल तर टाच सोडून बाकीचा पाय करा. कुरूप असेल तर त्यावर दाब नको, आणि ते ब्लेडनं कापायच्या भानगडीत कुणी पडू नये.

दोन्ही पाय हातात घेऊन कुठला जास्त गार आहे, कुठल्या घोट्यावर सूज आहे, हेही बघा. नडगीवर बोट पाच सेकंद दाबून काढल्यावर खड्डा तसाच राहत असेल तर ती साधी थकव्याची सूज नसावी. हृदय, किडनी, रक्तदाबाची काही औषधं, यांमुळंही अशी सूज येते. ती तपासून घ्या.

तयारी

जेवण झाल्यावर तासभर जाऊ द्या. घंगाळात किंवा पसरट टबात घोटे बुडतील एवढं कोमट पाणी घ्या. आपलं कोपर त्यात बुडवून बघा, कोपराला सुखद वाटलं तर बरोबर. दहा मिनिटं पुरेत. मूठभर मीठ टाकायला हरकत नाही, पण त्यानं शरीरातलं विष बाहेर येतं वगैरे खरं नाही. प्रदर्शनांत जी यंत्रं पाय बुडवल्यावर पाणी तांबूस करून दाखवतात, तो रंगही त्यातल्या धातूच्या पट्ट्या गंजल्याचा असतो. त्यावर पैसे घालवू नका.

पाय पुसताना बेचक्या कोरड्या करा. ज्याचे पाय दाबायचे त्यानं दिवाणावर किंवा कॉटवर पाठीला उशी घेऊन रेलावं, गुडघ्यांखाली दुसरी उशी. दाबणाऱ्यानं समोर बुटक्या स्टुलावर बसावं, म्हणजे पाऊल आपल्या छातीच्या समोर येतं. दाबणाऱ्याची कंबर वाकली की दहा मिनिटांत त्याचंच दुखणं सुरू होतं. नखं कापलेली हवीत, अंगठ्या-बांगड्या उतरवलेल्या. जोडवी काढायची पद्धत घरात नसेल तर आग्रह करू नका, त्या बोटाला वरून आणि बाजूनं दाब द्या.

तेल नंतर. दाब देताना बोट घसरायला नको असतं, त्यामुळं सुरुवातीला हात कोरडा ठेवा किंवा चिमूटभर पावडर घ्या. तेल शेवटच्या चोळण्यासाठी. घाण्याचं तिळाचं तेल चांगलं, उन्हाळ्यात खोबरेल. भेगांना कोकमचं तेल रात्री लावून मोजे घालून झोपलं की सकाळी फरक दिसतो.

पायरी पायरीनं

दोन्ही पाय मिळून पंचवीस-तीस मिनिटं लागतात. माझी सवय उजव्या पायापासूनची, पण तुम्ही डाव्यापासून केलं तरी बिघडत नाही. एक पाय पूर्ण करून मगच दुसरा घ्यायचा, तोवर तो टॉवेलात गुंडाळून ठेवायचा. पाऊल उघडं पडून गार झालं की स्नायू पुन्हा आखडतो.

*पहिली पायरी: नुसता हात.* दोन्ही तळवे दोन्ही पावलांवर ठेवा आणि मिनिटभर काही करू नका. समोरच्याच्या श्वासाकडं लक्ष द्या. हे निरर्थक वाटेल, पण हा मिनिट गाळला की पुढची पाच मिनिटं पाय ताठच राहतो.

*दुसरी: मोकळं करणं.* एका हातानं टाच धरा, दुसऱ्यानं चवडा. घोटा पाच वेळा एका दिशेनं, पाच वेळा उलट फिरवा. मग पाऊल दोन्ही तळहातांमध्ये धरून डावीकडं-उजवीकडं हलवा. त्यानंतर एकेक बोट मुळाशी धरून गोल फिरवा आणि हलकेच पुढं ओढून सोडा. कडकड आवाज काढायचा प्रयत्न करू नका.

*तिसरी: चवड्याखालचा खळगा.* चवडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला की त्याच्या खाली, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत, एक खळगा पडतो. तक्त्यांत याला छातीखालच्या मज्जाजाळ्याची जागा म्हणतात. इथं अंगठा ठेवा. समोरचा श्वास घेईल तसा दाब वाढवत न्या, सोडेल तसा कमी करा. पाच-सहा श्वास. मन स्वस्थ करायला यापेक्षा चांगली जागा तळव्यावर नाही, असं माझं मत आहे. घाईच्या दिवशी एवढी एक पायरी केली तरी चालेल.

*चौथी: अंगठा चालवणं.* हे खरं कसब, आणि यालाच वेळ द्यायला हवा. अंगठ्याचं पेर किंचित वाकवा, टोकाच्या बाजूच्या मांसल भागानं दाब द्या, मग पेर सरळ करत तांदळाच्या दाण्याएवढं पुढं सरका, पुन्हा वाकवा. सुरवंट चालतो तसा अंगठा पुढं जात राहतो, कातडीवरून उचलायचा नाही आणि मागंही आणायचा नाही. बाकीची चार बोटं पावलाच्या वरच्या बाजूला आधाराला. जोर अंगठ्याच्या सांध्यातून काढला तर दोन दिवसांत तुमचाच अंगठा दुखायला लागेल, तो मनगटातून आणि खांद्यातून यायला हवा. आधी स्वतःच्या मनगटापासून कोपरापर्यंत चालवून सराव करा. लय जमली की मग पायाकडं वळा.

किती दाबायचं? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं, असं धरलं तर चार-पाचच्या पुढं जायचं नाही. समोरच्याला विचारा, पण त्याहून त्याचा चेहरा बघा. आपल्या माणसांना ‘दुखतंय’ म्हणायला संकोच वाटतो, त्यातून पैलवानी घर असेल तर बघायलाच नको. कपाळाला आठी पडली, श्वास थांबला, बोटं वळली की जोर जास्त झालाय. ‘जितकं दुखेल तितका गुण येईल’ ही समजूत मनातून काढून टाका. जोरानं दुखावलेला स्नायू आणखी आखडतो.

आता क्रम. बोटांपासून सुरू करा. अंगठ्याच्या मुळापासून टोकापर्यंत पाच-सहा समांतर रेघांनी, मग बाकीची बोटं. तक्त्याप्रमाणं हा डोक्याचा आणि चेहऱ्याचा भाग. बोटांच्या मुळाशी आडवं जा. तिथून चवड्यावर, बोटांच्या मधल्या प्रत्येक रेषेत खालून वर. बूट घालून दिवसभर वावरणाऱ्यांचा चवडा बहुधा फार आखडलेला असतो, तिथं दुप्पट वेळ द्या. मग कमान, डावीकडून उजवीकडं आणि उलट, आडव्या रेघांनी. कमानीची कातडी मऊ असते, इथं दाब निम्म्यावर आणा. टाचेवर मात्र कातडी जाड असल्यानं अंगठा पोचत नाही, तिथं मूठ वळून बोटांच्या सांध्यांनी दाबा.

त्यानंतर पावलाची आतली कड, अंगठ्याच्या बाजूपासून टाचेपर्यंत. नकाशात हा पाठीचा कणा: वर मान, मध्ये पाठ, टाचेजवळ कंबर. ही कड सावकाश, तीन वेळा करा. मग बाहेरची कड करंगळीपासून टाचेपर्यंत, खांदा ते गुडघा-खुबा. शेवटी घोट्याच्या हाडाभोवती दोन बोटांनी गोल. एखादी जागा ठणकली तर तिथं थांबून अंगठा दहा-पंधरा सेकंद नुसता ठेवा. दुखणं विरघळत गेलं तर पुढं जा, वाढलं तर सोडून द्या.

*पाचवी: तेलाचा हात.* चमचाभर कोमट तेल दोन्ही हातांना लावा आणि बोटांपासून घोट्यावरून पोटरीपर्यंत, वरच्या दिशेनं लांब हात फिरवा. घरात काशाची वाटी असेल तर ती इथं वापरा. तळव्यावर तेल किंवा तूप लावून गोल गोल फिरवायची. वाटी आणि तेल दोन्ही काळं होतं, ते धातूमुळं होतं, अंगातली उष्णता बाहेर पडल्याचा तो पुरावा धरू नये. पण त्यानं तळव्यांची आग शमते, असं अनेकांच्या अनुभवाला येतं, आणि मलाही वाटीचा तो गार, गुळगुळीत स्पर्श हातापेक्षा सरस वाटतो.

झाल्यावर तळवे कोरड्या फडक्यानं नीट पुसा. तेलकट पायानं फरशीवर उतरून पडणं वडीलधाऱ्यांना फार महागात पडतं. पाय पुसून चपला घातल्याशिवाय त्यांना उठू देऊ नका.

टाचदुखी

आपल्या भागात टाचेचं दुखणं फार ऐकू येतं. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ, मग चालल्यावर जरा बरं, आणि संध्याकाळी पुन्हा. टाचेपासून बोटांपर्यंत जाणारी तळव्यातली जाड पट्टी, प्लांटर फॅसिया, ताणली गेली की असं होतं. कडक फरशीवर अनवाणी वावरणं हे एक मोठं कारण.

कोल्हापुरी चपलेबद्दलही बोलायला हवं. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वनस्पतींनी कमावलेलं कातडं आणि कारागिराचा हात, तिचा अभिमान मलाही आहे. पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो, कमानीला आधार नसतो. टाच दुखत असेल तोवर ती समारंभापुरती ठेवा. रोज घरात आणि बाहेर टाचेला मऊ, जराशी उंच अशी चप्पल घाला.

यात नुसत्या दाबण्यानं भागत नाही. सकाळी जमिनीवर पाय टेकण्याआधी कॉटवरच बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हातानं बोटं नडगीकडं ओढा, तळवा ताणलेला जाणवेल. दहा सेकंद धरा, दहा वेळा. दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागं सरळ ठेवून, टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणा, तीस सेकंद, तीन वेळा. संध्याकाळी पाण्याची छोटी बाटली फ्रीजरमध्ये गोठवून फडक्यात गुंडाळा आणि पाच ते दहा मिनिटं तळव्याखाली फिरवा. मधुमेहात किंवा बधिरपणात बर्फ नको. रात्री कमानीवर आणि पोटरीवर हलका हात फिरवा, टाचेच्या नेमक्या दुखऱ्या बिंदूवर अंगठा रुतवू नका. हे दुखणं आठवड्यात जात नाही, महिने घेतं. पण ताण रोज चालू ठेवला तर बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय थांबतं.

इतर काही दुखणी

कंबर आणि मान आखडली असेल तर आतल्या कडेवर जास्त वेळ द्या. कंबरेचं मूळ दुखणं पायातून जात नाही, पण तिच्याभोवती आवळलेलं अंग सैल होतं आणि झोप लागते. कंबरेतून पायात कळ उतरत असेल, मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर रात्र असली तरी थांबायचं नाही.

ताणानं डोकं दुखत असेल तर अंगठा आणि चवड्याखालचा खळगा, दिवा मंद करून. पाळीच्या दिवसांत घोट्याभोवती हलके गोल आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी. रात्री पोटरीत गोळा आला तर दाबत बसू नका, गुडघा सरळ करून चवडा आपल्याकडं ओढा, गोळा सुटला की मग हळू चोळा.

जोतिबाच्या डोंगरावर चालत जाऊन आल्यावर किंवा पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालल्यावर लोक लगेच पाय रगडायला बसतात. आधी पाय धुवा, कोरडे करा, फोड बघा. पाय भिंतीला उंच टेकवून पंधरा मिनिटं पडा. दाबणं दुसऱ्या दिवशी, आणि तेही हलकं. नवरात्रात अनवाणी राहणाऱ्यांनी रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत. मधुमेह असेल तर अनवाणी राहण्याचा नेम करू नये, देवी समजून घेईल.

स्वतःचे पाय स्वतः दाबताना

खुर्चीत बसून एक पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या आणि तोच क्रम करा. गुडघे वळत नसतील किंवा पोट आड येत असेल तर टेनिस बॉल जमिनीवर ठेवा आणि बसल्या बसल्या पावलाखाली फिरवा, प्रत्येक पायाला तीन-चार मिनिटं. उभं राहून सगळा भार बॉलवर टाकू नका. लाटणंही चालतं, फक्त ते यासाठी वेगळं ठेवा. दुकानात, कारखान्यात बसायला मिळालं की स्टुलाखाली हा बॉल ठेवावा, कुणाच्या लक्षातही येत नाही.

आठवड्यातून एकदा अर्धा तास आणि एरवी रोज रात्री दहा मिनिटं, एवढं पुरतं. रविवारी एकदम तासभर रगडण्यापेक्षा रोजच्या दहा मिनिटांनी जास्त फरक पडतो.

कुणी कुणाचे दाबायचे

आपल्या घरांत नातू आजीचे पाय दाबतो, सून सासूबाईंचे दाबते. पण दिवसभर सगळ्यांत जास्त उभी असते ती सूनच, आणि तिचे पाय कुणाच्या हातात येत नाहीत. नवऱ्यानं हात पुढं केला की ‘अहो, पाय नका हो धरू, पाप लागंल’ असं म्हणून ती पाय ओढून घेते. हा संकोच मोडायला हवा. सुरुवातीला टॉवेलावरून दाबा, टीव्ही चालू असू द्या, पाच मिनिटांतच थांबा. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः पाय पुढं करील. मुलांनाही दहा-बारा वर्षांपासून अंगठा चालवायला शिकवा. त्यांचा हात हलका असतो, त्यामुळं वयस्कांना तो मानवतो.

दाखवायला कधी जायचं

दोन-तीन आठवडे नेमानं करूनही दुखणं तसंच राहिलं, रात्री झोपेतून उठवायला लागलं, टाच टेकवतच नसेल, किंवा पायात नव्यानं बधिरपणा आला तर अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही जाता येतं. जाताना रोजच्या वापरातली चप्पल किंवा बूट पिशवीत घालून न्या. तळ कुठल्या बाजूनं झिजलाय त्यावरून पाऊल कसं पडतं हे डॉक्टरांना दिसतं. सकाळी जास्त दुखतं की संध्याकाळी, बसल्यावर कमी होतं की नाही, किती तास उभं राहणं होतं, हे कागदावर लिहून न्या. चालू असलेल्या गोळ्यांची नावंही त्याच कागदावर लिहा.